नाव आधी की नायक आधी?

सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून. १९७६ साली जन्मलेल्या या मुलाचं पूर्ण नाव रोहन जयविश्व. त्यातला ‘जय’ एम. एल. जयसिंहा यांचा आणि ‘विश्व’ गुंडाप्पा विश्वनाथ यांचा. एका पाळण्यात तीन फलंदाज! कन्हाय स्वतः गयानातल्या भारतीय वंशाच्या घरातला, त्यामुळे नाव तसं माहेरीच आलं म्हणायचं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७३ मध्ये, रमेश तेंडुलकरांनी आपल्या धाकट्या मुलाला सचिनदेव बर्मन यांचं नाव दिलं होतं. पुढे त्या मुलावरून किती घरांत सचिन जन्माला आले ते मराठी माणसाला सांगायला नको.

या दोन्ही गोष्टींत नाव कुठून आलं ते घरच्यांनीच सांगितलंय, म्हणून शंकेला जागा नाही. पण बहुतेक वेळा आपण अंदाज बांधतो आणि तो छातीठोकपणे सांगतो. न्यूझीलंडच्या रचिन रवींद्रचंच पाहा. २०२३ च्या विश्वचषकात त्याने तीन शतकं ठोकली आणि राहुलमधला ‘र’ व सचिनमधला ‘चिन’ ही फोड प्रत्येक समालोचकाच्या तोंडी आली. नंतर त्याच्या वडिलांनी सांगितलं की तसं काही ठरवलेलं नव्हतं. बायकोने नाव सुचवलं, ते ऐकायला बरं वाटलं, लिहायला सोपं होतं, ठेवून टाकलं. त्यात दोन क्रिकेटपटू दडलेत हे काही वर्षांनी लक्षात आलं.

म्हणजे ‘अमुक सिनेमा आला आणि तमुक नावाची लाट आली’ हे विधान तपासायचं तर आई-वडिलांच्या आठवणी पुरत नाहीत. वर्षागणिक आकडे लागतात. ते अमेरिकेत आहेत. तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्याकडे १८८० पासून जन्मलेल्यांच्या नावांची मोजदाद आहे आणि ती लोकांसमोर आली १९९७ मध्ये. खात्यातल्या मायकेल शॅकलफर्ड या विमागणितीला स्वतःच्या अतिसामान्य नावाचा कंटाळा आला होता. निदान आपल्या मुलाच्या वाट्याला तसं नाव येऊ नये म्हणून त्याने कोणती नावं किती चालतात याची यादी काढली. एका वर्षात पाचपेक्षा कमी मुलांना दिलेली नावं या यादीत येत नाहीत. बाकी सगळी येतात. समाजशास्त्रज्ञांना असा खजिना क्वचित मिळतो, कारण नावाला पैसे पडत नाहीत आणि त्याची जाहिरातही कोणी करत नाही. कपडे किंवा मोटारींच्या फॅशनमध्ये कंपन्यांचा हात असतो, तसा इथे नाही. नावात दिसते ती निव्वळ आवड.

या आकड्यांनी पहिला दणका दिला तो ‘जेनिफर’च्या दंतकथेला. १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षं अमेरिकेत मुलींच्या नावांत जेनिफर पहिलं होतं आणि त्याचं श्रेय ‘लव्ह स्टोरी’ या चित्रपटाच्या नायिकेला दिलं जातं. चित्रपट लागला १९७० च्या डिसेंबरात. म्हणजे ज्या वर्षी नाव शिखरावर पोहोचलं, त्या वर्षातल्या जवळजवळ सगळ्या जेनिफर तोवर जन्मून मोकळ्या झाल्या होत्या! हे नाव १९३८ च्या सुमारास पहिल्या हजारांत शिरलं आणि तेव्हापासून चढतच होतं. स्टॅन्ली लिबरसन या समाजशास्त्रज्ञाने नावांच्या फॅशनचा अभ्यास करताना हाच मुद्दा लावून धरला. लेखकही त्याच समाजात राहतो. नायिकेसाठी नाव शोधताना त्याच्या कानालाही तेच ताजं वाटतं जे शेजारच्या गरोदर बाईला वाटतं. सिनेमा लाटेवर स्वार होतो आणि किनाऱ्यावरच्यांना वाटतं, लाट यानेच आणली.

युरोपातल्या ‘केविन’ची गोष्टही अशीच. केविन नावाच्या मुलाचा ‘होम अलोन’ हा चित्रपट १९९० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लागला, काही आठवड्यांनी जर्मनीत आला आणि १९९१ मध्ये केविन जर्मनीतलं मुलांचं सर्वांत आवडतं नाव ठरलं. सरळ हिशेब वाटतो. पण शेजारच्या फ्रान्समध्ये केविन १९८९ पासूनच पहिल्या क्रमांकावर होतं, सिनेमाचा पत्ता नसताना. चित्रपटाने जोर लावला असेल, नाही कशाला म्हणा, पण गाडी आधीच सुरू होती. या नावाचं पुढे जे झालं ते मात्र वाईट. २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या एका अभ्यासात जर्मन शिक्षकांना नुसत्या नावांवरून मुलांबद्दलचं मत विचारलं, तर केविन म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर खोडकर, अभ्यासात कच्चा मुलगा उभा राहिला. ‘केविन हे नाव नाही, निदान आहे,’ असं एका शिक्षकाने लिहून दिलं. मूल अजून वर्गात आलेलंही नाही आणि शेरा तयार!

अपवाद आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९८४ च्या ‘स्प्लॅश’मधली जलपरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची पाटी वाचून स्वतःला मॅडिसन म्हणवून घेते आणि हे काही नाव नव्हे, असं नायक तिला सांगतो. विनोद होता तो. त्याआधी मुलींच्या पहिल्या हजार नावांत मॅडिसन नव्हतं, दुसऱ्या वर्षी ते आलं आणि २००१ साली थेट दुसऱ्या क्रमांकावर बसलं. इथे सिनेमाचा हात नाकारता येत नाही. तरीही अ‍ॅलिसनसारखी त्याच शेवटाची नावं अमेरिकन कानांना आधीपासून सवयीची होती, त्यामुळे नवीन नाव फार परकं वाटलं नसावं.

तर मग नावाचा नाद, म्हणजे ध्वनी, किती आणि नायिका किती, हे वेगळं काढायचं कसं? लेखक फॅशन बघून नाव ठेवतो, हीच तर अडचण. हवं होतं असं प्रसिद्ध नाव, जे फॅशन न बघता ठेवलं गेलंय. ते मिळालं चक्रीवादळांत. अटलांटिकमधल्या वादळांच्या नावांच्या याद्या जागतिक हवामान संघटना आधीच ठरवून ठेवते आणि त्या सहा-सहा वर्षांनी फिरून येतात. कोणतं वादळ नुसतं समुद्रात विरेल आणि कोणतं शहर बुडवेल, हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसतं. संशोधक जोना बर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हीच युक्ती वापरली. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिनाने न्यू ऑर्लिन्सची वाताहत केली. कतरिना हे नाव त्यानंतर मागे पडलं, ते अपेक्षितच होतं. पण ‘क’ने सुरू होणारी इतर नावं सुमारे ९ टक्क्यांनी वाढली! महिनोन् महिने बातम्यांतून तो ध्वनी कानांवर आदळत राहिला. वादळाचं नाव कोणाला नको होतं, त्याचा नाद मात्र कानात बसला. मोठ्या वादळांच्या बाबतीत हा परिणाम ठळक दिसतो, कारण त्यांची नावं जास्त वेळा उच्चारली जातात.

हे वाचताना मला आपल्या नावराशीची आठवण झाली. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला. गुरुजी अक्षर काढून देतात आणि घर कामाला लागतं. पहिला ध्वनी पंचांगाने बांधून दिला तरी उरलेलं नाव आसपासच्या नादानेच भरलं जातं. सध्या बालवाडीत हजेरी घेतली तर आरव, आरोही, अन्वी, विहान, रेयांश यांची रांग लागते. त्यातलं एखादं कुठल्या मालिकेतून आलं असेलही, पण अख्खी रांग एका मालिकेतून येत नाही. अमेरिकेतही २०१० च्या आसपास मुलग्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिकांचं नाव ‘न’ने संपत होतं, एडन, जेडन, ब्रेडन वगैरे.

बारशाच्या तयारीत असलेल्यांना खरोखर उपयोगी पडेल असा निष्कर्ष निराळाच आहे. बर्गर आणि गाएल ल माँ यांनी २००९ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधली नावं तपासली. जी नावं झपाट्याने वर गेली ती तितक्याच झपाट्याने उतरली. लवकरच आई-बाप होणाऱ्यांना विचारल्यावर कारणही कळलं. एकाएकी सगळीकडे ऐकू येणारं नाव लोकांना थिल्लर, चार दिवसांचं वाटू लागतं. ‘फ्रोजन’ हा चित्रपट आला २०१३ च्या शेवटी. त्यातल्या नायिकेचं ‘एल्सा’ हे नाव अमेरिकेत २०१४ मध्ये २८६ व्या क्रमांकावर चढलं आणि लगेच पुढच्या वर्षी घसरलं.

आणि नावाला चिकटलेली ओळख सुटते की नाही? याचं उत्तर स्मरणशक्तीच्या प्रयोगांत सापडतं. मानसशास्त्रज्ञ जॉन अँडरसन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की एका गोष्टीशी जितक्या जास्त माहित्या जोडलेल्या, तितकी त्यातली एखादी नेमकी आठवायला वेळ लागतो. नावाला हे लावून पाहा. सचिन म्हटल्यावर तेंडुलकर आठवतोच, पण ऑफिसातला सचिन, मावसभाऊ सचिन आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सचिनही वाटेत येतात. गर्दीत ओझं वाटलं जातं. विरळा नावाला ही सोय नाही. तिथे एकच मालक असतो. अर्थात रोज हाका मारल्या गेल्या तर गर्दीही कामी येत नाही. अ‍ॅमेझॉनचं ‘अ‍ॅलेक्सा’ म्हणून हाक मारायचं बोलकं यंत्र २०१४ च्या नोव्हेंबरात बाजारात आलं. २०१५ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून अधिक मुलींचं नाव अ‍ॅलेक्सा ठेवलं गेलं, २०२० पर्यंत तो आकडा एक-चतुर्थांशाच्याही खाली आला. यंत्र खलनायक नाही, पण त्याला सगळे हुकूम सोडतात. आपल्या मुलीच्या नावाने कोणीही दिवा लाव, गाणं लाव म्हणावं, हे कोणत्या आईला रुचेल?

परदेशातल्या मराठी घरांना याची वेगळीच बाजू भेटते. ‘आर्या’ आपल्याकडे जुनं, सोज्ज्वळ नाव. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ मध्ये सुरू झाली आणि अमेरिकेत ते तलवारबाज पोरीचं नाव झालं; २०१८ मध्ये तिथे अडीच हजार मुलींना ते मिळालं. पण मालिकेच्या आदल्या वर्षीच ते पहिल्या हजारांत दाखल झालं होतं, आणि त्यात भारतीय घरांचा वाटा असणारच. तरी न्यू जर्सीतल्या आजीने ‘आमच्या घरातलं नाव आहे हो’ म्हटलं तर शेजारीण कितपत ऐकेल?

त्याच मालिकेतल्या ‘खलिसी’चं दुखणं आणखी मोठं. हे पात्राचं नावही नाही, तिची पदवी आहे. २०१८ मध्ये ५६० अमेरिकन मुली खलिसी झाल्या आणि २०१९ च्या मे महिन्यात, शेवटून दुसऱ्या भागात, या बाईसाहेबांनी ड्रॅगनवर बसून अख्खं शहर बेचिराख केलं. गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं तेव्हा कन्हायची कसोटी कारकीर्द पुरी झालेली होती. चालू कथानकातल्या पात्राची अशी हमी नसते. आपल्याकडे जन्माची नोंद नावाशिवाय करता येते. नाव बारा महिन्यांच्या आत कळवलं तर विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. एवढ्या अवधीत कोणतीही मालिका संपते. बहुधा.