डुलकी घेणारा रिसीव्हर

संगणकावर एखादा लांबलचक अहवाल वाचताना माउसवरचा हात बाजूला होतो, पान वाचून संपते, पुढे जाण्यासाठी आपण पुन्हा माउस हलवतो आणि पडद्यावरचा बाण मात्र जागचा हलत नाही. अर्धा सेकंद, कधी पुरता एक सेकंद जातो आणि मग काही झालेच नाही अशा थाटात तो चालू लागतो. माझ्या डेस्कटॉपवर हा प्रकार कित्येक आठवडे चालला होता. पहिला संशय अर्थातच सेलवर आला. नवा सेल घातला, तरी फरक पडला नाही. नीट लक्ष ठेवले तेव्हा ध्यानात आले की, हात सतत चालू असताना बाण फारसा अडत नव्हता. तो खरा अडत होता विश्रांतीनंतर.

वायरलेस माउसच्या जोडीत झोप घेणारे दोघे असतात. पहिला स्वतः माउस. त्याच्या पोटातला सेन्सर टेबलाच्या पृष्ठभागाची दर सेकंदाला शेकडो-हजारो सूक्ष्म चित्रे टिपतो आणि हालचाल थांबली की हा वेग टप्प्याटप्प्याने कमी करतो, म्हणूनच एका सेलवर माउस महिनोन्‌महिने चालतो. दुसरा म्हणजे संगणकाच्या मागे खोचलेला नखाएवढा रिसीव्हर. त्याला तर विजेची ददात नसते, तरीही त्याला झोपवले जाते, आणि खरी गंमत इथेच आहे.

यूएसबीचे पहिले प्रमाणक 1996 साली आले तेव्हापासूनचा नियम असा की, तारेवर सलग 3 मिलिसेकंद शांतता पसरली तर जोडलेल्या उपकरणाने निद्रावस्थेत जायचे. आजच्या नियमानुसार या अवस्थेत उपकरणाने सरासरी 2.5 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घ्यायचा नाही. संगणक चालू असतानाच एखाद्या स्वस्थ बसलेल्या उपकरणापुरती ही शांतता मुद्दाम पाळण्याच्या सोयीला विंडोजमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ म्हणतात. पेनड्राइव्हला त्याचे काही वाटत नाही, कारण त्याला हाक मारायची ती संगणकानेच. रिसीव्हरला मात्र झोपेतही माउसची हाक ऐकावी लागते. अशा उपकरणांसाठी बनवलेल्या नॉर्डिक या कंपनीच्या एनआरएफ24एल01प्लस या रेडिओ चिपचे उदाहरण घेतले, तर तिला रेडिओ संदेश ऐकत राहण्यासाठी सुमारे 13 मिलिअँपिअर लागतात. शिधा अडीचचा आणि भूक तेराची, तेव्हा रिसीव्हरने कान सतत उघडे ठेवणे शक्यच नसते. क्षणभर ऐकायचे, पुन्हा डोळे मिटायचे, असे त्याला करावे लागते.

आता आपण माउस हलवतो. त्याचा संदेश रिसीव्हरचे कान मिटलेले असताना आला तर वाया जातो आणि पुन्हा पाठवावा लागतो. संदेश पोहोचला की रिसीव्हर संगणकाला उठवतो; संगणकाने त्यानंतर किमान 20 मिलिसेकंद जाग आणणारा संकेत द्यायचा आणि उपकरणाला सावरायला आणखी 10 मिलिसेकंद द्यायचे असतात. एवढ्याने काही जाणवत नाही. पण रिसीव्हर ज्याला जोडला आहे तो हब, म्हणजे अनेक यूएसबी पोर्ट सांभाळणारा भागही झोपला असेल, ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने उठायला वेळ लावला किंवा माउस-रिसीव्हरची गाठ नव्याने बांधावी लागली, तर हा उशीर साचत जातो. एरवी बाणाची जागा साधारणपणे दर 8 मिलिसेकंदांनी कळवली जाते, त्यामुळे अर्ध्या सेकंदाची खोट डोळ्याला लगेच खुपते. रिसीव्हर आणि त्याचा ड्रायव्हर अशी झोप मान्य करतात की नाही यावर बरेच अवलंबून असल्याने एकाच खोलीतल्या दोन संगणकांपैकी एकालाच हा त्रास होऊ शकतो.

उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. पॉवर ऑप्शन्समधील प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करायचे; शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडून, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरची, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढायची. लिनक्स माउसला सहसा आपण होऊन झोपवत नाही, पण टीएलपी किंवा पॉवरटॉप यांसारखी वीज वाचवणारी साधने बसवली असतील तर त्यांची सेटिंग आधी पाहावीत.

यात वीज किती वाया जाते? रिसीव्हर 5 व्होल्टवर 100 मिलिअँपिअर घेतो असे सढळ हाताने धरले तरी अर्धा वॅट होतो. रोज आठ तास आणि वर्षाला 300 दिवस या हिशेबाने वर्षाकाठी 1.2 युनिट. डेस्कटॉपवर एवढ्यासाठी हातातले काम अडू देणे मला पटत नाही. लॅपटॉपची गोष्ट वेगळी: तिथे जागे राहिलेले एखादे यूएसबी उपकरण प्रोसेसरलाही गाढ झोपू देत नाही, म्हणून बॅटरीवर चालताना ही सोय चालूच ठेवावी.

मात्र माउस हलत असतानाच बाण तुटक-तुटक चालत असेल, तर दोष झोपेचा नाही. हे माउस 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात आणि यूएसबी 3.0 च्या वेगवान तारेतून व जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात सांडतो. इंटेलने 2012 साली मोजमापांसह हे दाखवून दिले. बाहेरच्या हार्डडिस्कवर मोठी फाइल उतरवायला लावून माउस गोल-गोल फिरवत राहावा. बाण तेवढ्यापुरताच अडखळला, तर रिसीव्हर मागच्या यूएसबी 3.0 च्या निळ्या पोर्टाशेजारून काढून छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवावा. माझ्या टेबलावर तो आता तिथेच असतो, कारण झोप मोडल्यावर उरलेली थोडी अडखळ या केबलनेच गेली.