‘आधी पूर्ण माहिती, मग निर्णय’ : हा सावधपणा नव्हे

हवामानबदलाचे अंदाज अनिश्चित आहेत, म्हणून आणखी आकडे येईपर्यंत थांबावं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण थांबणं हाही निर्णयच, आणि बऱ्याचदा महागडा.

ऑस्ट्रेलियाच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या बेटाचा सर्वात उंच भाग समुद्रापासून जेमतेम 3 मीटर. भरतीचं खारं पाणी आत शिरून वनस्पती मरत गेल्या. तिथला मेलोमिस उंदीर 2009 मध्ये शेवटचा दिसला. 2014 मध्ये पिंजरे लावले, तेव्हा पकडायला एकही उरला नव्हता.

धोक्यातल्या प्रजातीचं नवं सर्वेक्षण करण्याआधी एकच विचारा: उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार आहोत का? तसं असेल तर सर्वेक्षणाचा पैसा थेट कामाला लावा. नसेल, तर ‘सलग दोन मोजण्यांत संख्या अमुकखाली गेली की प्राणी पकडून बंदिवासात प्रजनन सुरू’ अशी रेषा आधीच लिहून ठेवा. ती उंचच हवी: परस्परांशी नातं नसलेले 20 प्राणी मूळच्या जनुकीय विविधतेपैकी साधारण 97.5 टक्के सोबत आणतात, दोनच उरले तर 75.