एकट्याची मैफल: फ्रान्झ लिस्टची पार्श्वभूमी

पणजीच्या कला अकादमीत पियानोवादन असलं की दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या रंगमंचावर फार काही मांडलेलं नसतं. आडवा ठेवलेला मोठा पियानो, प्रेक्षकांच्या बाजूला उघडलेलं झाकण, एक स्टूल आणि त्यावर एक माणूस. साथीदार नाहीत, बहुतेक वेळा समोर कागदही नाही. देवळातल्या उत्सवी नाटकांवर आणि भजनांवर कान तयार झालेल्या आपल्या मंडळींना हे सारं जरा कोरडं वाटतं. पण हा रिवाज पियानोइतका जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातली मैफल म्हणजे सरमिसळ असे: एखादी गायिका, एखादा व्हायोलिनवादक, थोडा वाद्यवृंद आणि मध्येच पियानोचे एक-दोन तुकडे. अख्खी संध्याकाळ एकट्यानं पेलायचा पायंडा पाडला तो हंगेरियन पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्टनं, १८३९-४० च्या सुमारास, आधी रोममध्ये आणि मग लंडनमध्ये.

सगळंच श्रेय मात्र त्याच्या पदरात टाकायला नको. पियानो आडवा ठेवून प्रेक्षकांना बाजू दाखवण्याची युक्ती त्याच्या आधीच्या डुसेक या बोहेमियन वादकाच्या नावावर आहे. कागदाविना, तोंडपाठ वाजवण्याचं धाडस जर्मन पियानोवादक क्लारा वीकही करत होती. हीच पुढे संगीतकार रॉबर्ट शूमनची बायको, क्लारा शूमन झाली. लिस्टनं या सगळ्याची मोट बांधली आणि ती गावोगाव फिरवली.

त्याचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ चा, रायडिंग या खेड्यातला. हे खेडं तेव्हा हंगेरीत होतं, आज ऑस्ट्रियात आहे. वडील आडाम एस्टरहाझी सरदारांच्या जहागिरीत मेंढ्यांच्या कळपांची व्यवस्था बघत. स्वतः चेलो वाजवणारा, संगीतकार हायडनला जवळून पाहिलेला हा कारकून. मुलाचा हात बघून तो बिऱ्हाड घेऊन थेट व्हिएन्नाला गेला. तिथे बेथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी यानं मुलाला शिकवायला घेतलं आणि थोड्या शिकवण्या झाल्यावर फी घेणंच बंद केलं. गोव्यात पियानो शिकणाऱ्या प्रत्येक पोरानं चेर्नीच्या नावानं बोटं मोडलेली असतात, कारण त्याचे सराव अजून कोणाला चुकलेले नाहीत. पण त्याचं हे न घेतलेलं शुल्क लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढे पॅरिस. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीनं १८२३ मध्ये बारा वर्षांच्या लिस्टला परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. नाकारणारे संचालक केरुबिनी स्वतः इटालियन होते! १८२७ मध्ये वडील वारले आणि पंधरा वर्षांचा मुलगा पॅरिसमध्ये शिकवण्या करून आईला सांभाळू लागला.

कलाटणी मिळाली १८३२ मध्ये, ती व्हायोलिनमुळे. इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीची मैफल ऐकून लिस्ट पछाडला गेला आणि रोज चार-पाच तास नुसते बोटांचे व्यायाम घोटू लागला. इगर्जीतल्या व्हायोलिनवर आणि मांडोवर पोसलेल्या गोव्याला हे वेड सहज समजेल. त्यातून निघालेल्या रचनांपैकी ‘ला कांपानेला’ ऐकताना वादकाचा उजवा हात बघावा. पागानिनीच्या दुसऱ्या व्हायोलिन कन्चेर्तोमधली, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेतली ही धून. करंगळी वरच्या टोकाला एकच काळी पट्टी घंटेसारखी वाजवत राहते, आणि त्याच हाताला खालच्या स्वरांवरून दोन सप्तकांपलीकडे झेप घेऊन त्या पट्टीवर नेमकं उतरायचं असतं. पट्टी अरुंद, झेप लांब, आणि मान वळवून बघायला वेळ नाही. डावा हात तोवर आपला हिशेब वेगळाच चालवतो. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांनी हातापायांवर वेगवेगळे ताल धरल्याच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकत आलो. लिस्ट ऐकायला बसताना तोच कान सोबत न्यावा.

या करामतीला वाद्याचीही साथ होती. पॅरिसच्या सेबास्तियां एरार या पियानो बनवणाऱ्यानं १८२१ मध्ये एक नवी यंत्रणा काढली. तोवर एकच सूर पुन्हा वाजवायचा तर पट्टी पूर्ण वर येईपर्यंत थांबावं लागे. आता हातोडी तारेजवळच अडकून राही, आणि पट्टी अर्धीच वर आली तरी दुसरा ठोका देता येई. आजच्या ग्रँड पियानोत याच यंत्रणेची सुधारलेली आवृत्ती असते. तरीही लिस्टच्या हाताखाली तारा तुटत.

१८३९ ते १८४७ हा त्याच्या भ्रमंतीचा काळ. हजाराच्या आसपास मैफली झाल्या असं मानलं जातं. मैफलींचा पैसा आधी १८३८ मध्ये पेश्तच्या पूरग्रस्तांना, पुढे बॉनमधल्या बेथोव्हनच्या स्मारकाला असा वाटलाही. बर्लिनमध्ये बायका त्याचे हातमोजे पळवत, त्यावर कवी हाइनेनं टवाळी केली. त्या आरत्यांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे पुरे.

आपल्याला जवळचा मुक्काम लिस्बनचा. १८४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो तिथे होता. साओ कार्लुश नाट्यगृहात वाजवलं, राणी दोना मारिया दुसरी हिच्याकडून सन्मान मिळाला. या राणीच्याच कारकिर्दीत, दोन वर्षं आधी, पणजीला गोव्याच्या राजधानीचा दर्जा मिळाला होता. लिस्टनं सोबत नेलेला बुआसलो कंपनीचा पियानो पोर्तुगालमध्येच राहिला आणि आज तिथल्या राष्ट्रीय संगीत संग्रहालयात आहे.

आणि मग सप्टेंबर १८४७ मध्ये, आजच्या युक्रेनमधल्या येलिसावेतग्राद इथे, त्यानं पैसे घेऊन वाजवणं थांबवलं. वय ३५! माझ्या मते खरा लिस्ट इथून सुरू होतो. जर्मनीतल्या वायमारच्या दरबारात वाद्यवृंद हाती घेऊन त्यानं १८५० मध्ये वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आणला; वाग्नर तेव्हा परागंदा होता. एकट्या पियानोसाठीची ब मायनर सोनाटा १८५३ ची. अर्धा तास न थांबता चालणारी ही रचना रॉबर्ट शूमनला अर्पण केलेली, आणि क्लाराला ती नुसता गोंगाट वाटली. त्याच्या हंगेरियन रॅप्सडी या पियानोच्या रचनांना टाळ्या जास्त पडतात, पण एकच काही ऐकायचं तर सोनाटाच ऐकावी.

घरात मात्र पडझड. पूर्वीची सहचरी काउंटेस मारी दागू हिच्यापासून झालेल्या तीन मुलांपैकी दानिएल १८५९ मध्ये गेला, ब्लांदीन १८६२ मध्ये. वायमारच्या काळातली सोबतीण प्रिन्सेस कारोलीन हिच्याशी रोममध्ये पन्नासाव्या वाढदिवशी ठरलेलं लग्न आदल्या संध्याकाळी मोडलं. १८६५ मध्ये त्यानं धर्मदीक्षा घेतली आणि लोक त्याला आबे म्हणू लागले. गोव्यात सांगायला हरकत नाही, हा पाद्री नव्हे. खालच्या चार पायऱ्यांची दीक्षा होती ती, मिस सांगायचा अधिकार त्यात नव्हता.

उरलेली वर्षं रोम, वायमार आणि बुडापेस्ट अशा फेऱ्यांत गेली. वायमारच्या घरी दुपारी शिष्य जमत. एक वाजवी, बाकीचे ऐकत. फी त्यानं कुणाकडूनच घेतली नाही. ३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइटमध्ये तो वारला. आदल्या वर्षी त्या दुपारच्या घोळक्यात साओ तोमे या पोर्तुगीज वसाहतीत जन्मलेला झुझे व्हियाना द मोता होता. तो १९१८ ते १९३८ अशी वीस वर्षं लिस्बन कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता. त्याचा शिष्य सेकैरा कोश्ता यानं १९५७ मध्ये गुरूच्या नावानं लिस्बनमध्ये पियानोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली.