तांब्या (घडण व नित्याचे सुख, नाशिक परंपरा)

पाणी ठेवण्याचे, ओतण्याचे व पिण्याचे, गोल पोटाचे, आवळ गळ्याचे आणि बाहेर वळलेल्या काठाचे धातूचे भांडे. तांबे, पितळ व अलीकडे स्टेनलेस स्टील यांत ते घडवतात. गडू, चंबू, लोटा, चरवी ही त्याच्या कुळातली भांडी. त्याचा वापर मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. चांगली घडण रोजच्या जगण्यातल्या सुखात नेमकी कशाने भर घालते, या विसाव्या शतकात सुरू झालेल्या चर्चेत मात्र या भांड्याला अनपेक्षित महत्त्व आले. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे जुने केंद्र असल्याने त्या चर्चेकडे नाशिकच्या अंगाने पाहणे सोयीचे ठरते.

प्राचीनत्व : तांब्याचा आकार मातीच्या भांड्यावरून धातूत आला, की पत्रा ठोकण्याच्या क्रियेतूनच तो सिद्ध झाला, याचा विचार दोन्ही बाजूंनी करता येतो. नाशिकमधील मातीची गढी व प्रवरेकाठचे जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा (सु. इ. स. पू. १४००–७००) तांबूस, काळ्या रेषांनी रंगवलेला घट, त्याची तोटी आणि कोनदार खांदा अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. जोर्वे येथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडीही मिळाल्या. म्हणजे धातू हाताशी होता, पण तो हत्यारांकडे गेला. पाणी मातीतच राहिले. हिमालयातील कुलू भागात १८५७ मध्ये सापडलेला व आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला कोरीव लोटा बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला असावा. त्याचा घाट आजच्या तांब्याशी इतका जुळतो, की मधल्या काळात मूळ आकारात फारसा बदल झाला नाही असे म्हणण्यास वाव आहे. मातीच्या घटाला फुटण्याच्या भीतीने जाड गळा लागतो, तर पत्र्याला तो पातळ ठेवून काठ बाहेर वळवता येतो. काठाचे इतके पातळ वळण धातूतच सहज साधत असल्याने, पोट मातीचे व काठ धातूचा असा संमिश्र उगम अधिक संभवनीय दिसतो.

नाशिकमध्ये हा धंदा किती जुना, हा वेगळा प्रश्न. पांडवलेण्यांतील शिलालेखांत श्रेणींची, म्हणजे कारागिरांच्या संघांची, नावे येतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे २,००० व १,००० कार्षापणांच्या (त्या काळच्या नाण्यांच्या) ठेवी ठेवल्या. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखात कुलरिक (बहुधा कुंभार), ओदयंत्रिक (पाण्याची यंत्रे करणारे) व तिळपिषक (तेली) यांच्या श्रेणी आहेत. कांस्यकारांची (काशाची भांडी घडवणाऱ्यांची) श्रेणी मात्र येथे नव्हे, तर जुन्नरच्या लेखात भेटते. त्यावरून सातवाहनकाळी नाशिकला भांडी घडत नव्हती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दानलेखांत ठेव स्वीकारणाऱ्या श्रेणींचीच नावे येतात. गावातल्या सर्व धंद्यांची ती यादी नव्हे. तरीही सलग परंपरेचा दावा करण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. सध्याच्या धंद्याची वाढ पेशवाईत, नारोशंकर (१७४७) व काळाराम यांसारखी मंदिरे व घाट उभे राहिले त्या काळात झाली असावी, हे मत जास्त सुरक्षित आहे. रामकुंडावरचे पाणी गडूत भरून, तोंड झाळून गावी नेण्याची यात्रेकरूंची रीत आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांमुळे या भांड्यांना गिऱ्हाईक कायम राहिले. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरने या धंद्याची दखल घेतली आहे. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाल्यावर मुंबईत उतरणारा विलायती पत्रा सहज मिळू लागला व ओतीव कामापेक्षा ठोकीव काम वाढले, असाही तर्क करता येतो. जुन्या नाशकातील तांबट लेन व भांडी बाजार ही नावे त्या काळाची खूण आहेत.

घडण : पत्र्याची गोल चकती कापून ती खरवईवर, म्हणजे उभ्या लोखंडी ऐरणीवर, ठोकून खोलगट करतात. ठोकताना तांबे कडक होते व पुढे तडकू लागते. म्हणून मधूनमधून ते लाल तापवून मऊ करावे लागते. वरचा व खालचा भाग वेगळा घडवून पोटावर झाळतात, मग गळा आवळून काठ वळवतात. शेवटी मठारकाम : गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे जवळजवळ, एकसारखे ठोके. या ठोक्यांना सर्वसाधारणपणे नक्षी मानले जाते, पण त्यांचे पहिले काम वेगळे आहे. मऊ केलेला पातळ पत्रा त्यांनी पुन्हा कडक होतो, त्यामुळे कमी धातूत मजबूत भांडे निघते. ओल्या हातातून ते निसटत नाही ते याच खळग्यांमुळे. शोभा ही त्यातून फुकटात मिळालेली गोष्ट. भांड्यात आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून आतून कल्हई करतात. कथील २३२° से. ला वितळते आणि तांबे १,०८५° से. ला, त्यामुळे भांडे तापवून, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवता येते. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याला बहुधा कल्हई करीत नाहीत. त्यामागच्या समजुतीला काही आधार आहे : बंगळूर येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले अतिसाराचे जिवाणू उरले नव्हते.

घडण आणि सुख : १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकन अभिकल्पकार (डिझायनर) चार्ल्स व रे ईम्स यांनी आपल्या अहवालात, भारतात पाहिलेल्या वस्तूंत लोट्याला सर्वांत वरचे स्थान दिले. कुणी एकाने तो घडवलेला नाही, अनेकांनी अनेक पिढ्यांत घडवला, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी उत्तरांऐवजी प्रश्न मांडले : किती पाणी, कुणाच्या हाताने, कमरेवर की डोक्यावर, भरल्यावर आणि रिता झाल्यावर तोल कसा, आपटल्यावर आवाज कसा, मोडीत किती पैसे. या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन झाली. जपानमध्ये कलाविचारवंत यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी निनावी कारागिराच्या रोजच्या वस्तूंतच खरे सौंदर्य असते, हा विचार त्याआधीच मांडला होता.

या सौंदर्यातून सुख कसे निपजते यावर मात्र मतभेद आहे. सुंदर वस्तू नजरेला पडत राहिल्याने मन प्रसन्न राहते, हे एक मत. त्याला अडचण अशी, की माणूस सुखद गोष्टींना लवकर सरावतो. फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये या सरावाचे विवेचन केले. नवा तांब्या महिन्याभरात डोळ्यांना जाणवेनासा होतो. दुसऱ्या मतानुसार चांगली घडण सुख देण्यापेक्षा रोजचा त्रास काढून टाकते. गळणारा काठ, हाताला रुतणारा कान, कलंडणारे बूड यांना कुणी सरावत नाही, ते दररोज नव्याने चिडवतात. तांब्याच्या बाबतीत हे मत अधिक लागू पडते. बाहेर वळलेला काठ धार तोडतो, म्हणून वरून पिताना पाणी हनुवटीवर येत नाही आणि भांडे उष्टे न होता घरभर फिरते. गळ्याखाली बोटे आपोआप बसतात, म्हणून त्याला कान लागत नाही. पाहुण्याच्या हाती तांब्या-भांडे देताना यजमानाला घडणीचा विचार करावा लागत नाही.

दुसऱ्या मतालाही एक पुरवणी हवी. पितळ-तांबे चिंचेने किंवा राखेने घासावे लागते, आणि हे काम बहुतेक घरांत बायकांकडेच होते. घडणीची स्तुती करणाऱ्या लेखनात हा भाग क्वचित येतो. स्टेनलेस स्टीलने तांबे-पितळेला स्वयंपाकघरातून हटवले, त्यात स्वस्ताईइतकाच या घासण्यातून मिळालेल्या सुटकेचाही वाटा असावा.

सद्यःस्थिती : ठोकीव तांब्या आता मुख्यतः पूजा, लग्नातला रुखवत व आहेर यांसाठी घेतला जातो, बाजारातला पुष्कळ माल यंत्रावर काढलेला असतो. पाण्यासाठी तांब्याच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या खपतात. त्यांवर साच्याने मठार उठवलेला असतो, शोभेपुरता. तांब्याच्या गळ्यातून चार बोटे आत जातात व तळ घासता येतो. बाटलीच्या तोंडातून ती जात नाहीत, त्यामुळे तळाशी हिरवट कळंक धरला तरी तो काढायला चिंचपाणी भरून हलवत राहण्यापलीकडे उपाय नसतो.