पावसाळ्यात पूर, शिमग्याला खडक: रान तोडून कुरण केलं की नदीचं काय होतं

मागच्या पावसाळ्यात चार इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा आणि हातोडी घेऊन मी जांबोटीकडं गेलो होतो, आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. आधी देवाच्या रानात पाईप दोन बोटं जमिनीत ठोकला, त्यात पाव लिटर पाणी ओतलं, म्हणजे साधारण 30 मिलिमीटर पाऊस झाला, आणि मोबाईलवर टाइम लावला. दोन मिनिटं पण लागली नाहीत, पाणी गडप. मग तिथनं शंभर पावलांवर गायरान आहे, गुरं रोज चरतात, तिथं पाईप ठोकतानाच हाताला झिणझिण्या आल्या, आणि अर्ध्या तासानं वाकून बघितलं तर निम्मं पाणी तसंच उभं.

पाऊस तोच, माती पण एकाच डोंगराची, मग फरक कशाचा, तर भोकांचा. रानात वर पालापाचोळा, खाली गांडुळं, वाळवी, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, सगळी जमीन आतनं पोखरलेली असते आणि पाणी त्या वाटांनी खाली जातंय. गाईचं तीन-चारशे किलो वजन चार खुरांवर येतं, वर्षानुवर्षं तीच जागा तुडवली की त्या वाटा बुजतात, आणि मग जोराचा पाऊस आला की पाणी मुरायच्या आधीच उतारानं पळतं, जाताना माती घेऊन जातं.

हेच अॅमेझॉनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर झालंय, तिथं तोडलेल्या जंगलातली सगळ्यात जास्त जमीन गुरांच्या कुरणाखाली गेली आहे. आपण लहानपणापासून ऐकतो की झाडं तोडली की नदी आटते, खरं ही निम्मीच गोष्ट आहे. झाड स्वतः भरपूर पाणी पितं. ब्राझीलमध्ये पारागोमिनासजवळ शास्त्रज्ञांनी खड्डे खणून बघितलं तर झाडांची मुळं 8 मीटरच्याही खाली गेलेली, म्हणूनच कोरड्या महिन्यांत पण ते जंगल हिरवं राहतं आणि पानांतून वाफ सोडत राहतं. गवताची बहुतेक मुळं वरवरच असतात, उन्हाळ्यात ते वाळून जातं, त्यामुळं ते वर्षभरात पाणी कमी उचलतं आणि उरलेलं नदीत येतं. ब्राझीलमधल्याच टोकांटिन्स नदीचं मोजमाप बघा, 1949 ते 1968 आणि 1979 ते 1998 या दोन काळांत वरच्या खोऱ्यातला पाऊस फारसा बदलला नाही, कुरणं आणि शेती मात्र 30 टक्क्यांवरून जवळजवळ 50 टक्क्यांवर गेली, आणि नदीचा प्रवाह सुमारे 25 टक्क्यांनी वाढला.

मग चांगलंच झालं की, असं वाटेल. पण हे जास्तीचं पाणी मुख्यतः पुराच्या दिवसांत आलं, जेव्हा ते कुणालाच नको असतं. पनामा कालव्याच्या खोऱ्यात याचा नीट अभ्यास चाललाय, शेजारशेजारच्या ओढ्यांवर, एकाच्या वर जंगल आणि दुसऱ्याच्या वर कुरण. आपल्यासारखाच तिथं पण वर्षातले काही महिने पाऊस नसतो. जोराच्या पावसात कुरणाचा ओढा जास्त उसळतो आणि कोरड्या दिवसांच्या शेवटी जंगलाच्या ओढ्यात पाणी जास्त असतं. स्वतः पाणी पिऊन सुद्धा जंगल मागं एवढं ठेवतं, कारण त्यानं पावसाळ्यात त्याहून जास्त मुरवलेलं असतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, नदीत वर्षाला किती पाणी आलं यापेक्षा ते कुठल्या महिन्यात आलं ते बघायला पाहिजे.

आणि तोड फारच मोठी झाली तर पाऊसच कमी व्हायला लागतो. एनेआस सलाती या ब्राझिलच्या शास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात पावसाचं पाणी तपासून दाखवलं की अॅमेझॉनचा साधारण निम्मा पाऊस जंगलानंच वर सोडलेल्या वाफेचा असतो.

ओढ्यांचं आणखी एक आहे. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात काठची झाडं गेल्यावर ओढ्यात ऊन आलं, कुरणाचं गवत पाण्यात घुसलं, वाहता ओढा चिखलाची दलदल झाला, पाण्यातला ऑक्सिजन घटला. असा गवतानं गुदमरलेला ओढा आपल्याकडं पण कुणी बघितला नसेल असं नाही.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नडात जगदीश कृष्णस्वामी आणि माइक बॉनेल या शास्त्रज्ञांनी घाटातल्या जमिनीवर असंच मोजलंय, तिथं पण खराब झालेल्या रानात पाणी मुरायचं प्रमाण चांगल्या रानापेक्षा बरंच कमी निघालं. आमची मलप्रभा नदी इथंच कणकुंबीला उगम पावते, पुढं कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, तिच्या पाण्यावर किती गावं आहेत. उन्हाळ्यात ती आटते त्याला ऊस आहे, मोटारी आहेत, सगळा दोष गुरांवर टाकणं चुकीचं, गुरं राखणाऱ्यांवर तर अजिबातच नको. खरं माझी आज्जी म्हणायची, "पावसात लई पाणी असतंय बघ, खरं शिमग्याला झऱ्यात तांब्या बुडत न्हाई," आणि तिच्या लहानपणी तो तांब्या वैशाखात पण बुडायचा. त्या झऱ्याच्या वरचं रान मधल्या काळात मोकळं झालंय.

पनामात जुन्या कुरणावर रान परत वाढू दिलं तर मातीच्या वरच्या थरात पाणी मुरायचा वेग साधारण 12 वर्षांत परत आलेला दिसला. त्या दिवशी येताना मी तिसऱ्यांदा पाईप ठोकला, गायरानाच्या कडेला, जिथं एका शेतकऱ्यानं बऱ्याच वर्षांपासून कुंपण घालून तुकडा तसाच सोडलाय. करवंदीच्या जाळ्या, कुंभ्याची रोपं, खाली जेमतेम दोन बोटं पाला. पाव लिटर पाणी अकरा मिनिटांत मुरलं.