हळदीची शेते, कंपनीचे कर्ज आणि पहारीची लांबी

बांधावरचा मोठा धोंडा हलवताना तासगाव-मिरज भागातला शेतकरी पहारीचे टोक त्याखाली घालतो, पहारीखाली एक लहान दगड टेकू म्हणून सरकवतो आणि दुसऱ्या टोकावर भार देतो. टेकूपासून हात जितका लांब, तितके तोच भार अधिक काम करतो. ‘लिव्हरेज’ हा शब्द या तरफेवरूनच आला आणि संख्याशास्त्र व कंपन्यांचे अर्थकारण या दोन्ही विषयांनी तो स्वीकारला. त्याचा अर्थ सरसकट ‘कर्ज’ असा सांगितला जातो, तो मला अपुरा वाटतो; कारण दोन्हीकडे मोजली जाते ती पहारीची लांबी, आणि ती भार पडण्याआधीच ठरलेली असते.

समजा, सांगली परिसरातील पाच हळद उत्पादकांचे क्षेत्र 1, 2, 3, 4 आणि 15 एकर आहे, आणि क्षेत्राबरोबर वाळलेल्या हळदीचे उत्पादन कसे वाढते हे पाहण्यासाठी आपण लघुतम वर्गांच्या पद्धतीने, म्हणजे नोंदी आणि रेषा यांतील उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी, एक सरळ रेषा काढली. ही रेषा नेहमी सरासरीच्या बिंदूतून जाते. येथे क्षेत्राची सरासरी 5 एकर असल्याने टेकू तेथे आहे. चार शेते त्याच्या जवळ, तर पाचवे 10 एकर दूर. एखाद्या नोंदीची तरफ, म्हणजे तिचे लिव्हरेज, काढण्यासाठी सरासरीपासूनच्या तिच्या अंतराच्या वर्गाला अशा सर्व वर्गांच्या बेरजेने भागतात आणि त्यात एक भागिले नोंदींची संख्या मिळवतात. मोठ्या शेतासाठी 100 भागिले 130 अधिक 0.2, म्हणजे सुमारे 0.97, चार एकरांच्या शेतासाठी जेमतेम 0.21. या हिशेबात उत्पादनाचा आकडा कोठेच आलेला नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

आता काट्याच्या पावतीवरून आकडा उतरवताना 10 क्विंटलची चूक झाली असे धरू. ती चार एकरांच्या नोंदीत झाली, तर रेषा त्या ठिकाणी सुमारे 2 क्विंटल सरकते आणि नोंद व रेषा यांत उरलेली 8 क्विंटलची तफावत डोळ्यांत भरते. तीच चूक 15 एकरांच्या नोंदीत झाली, तर रेषा 9.7 क्विंटल सरकून त्या बिंदूला जाऊन मिळते आणि तफावत केवळ 0.3 क्विंटलची उरते. सर्वाधिक नुकसान करणारी चूक अशी सर्वांत कमी दिसते. म्हणून केवळ तफावत पाहून भागत नाही. ती नोंद वगळल्यास उत्तर किती बदलते हे तपासावे लागते, आणि त्यासाठीचे प्रसिद्ध माप अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेनिस कुक यांनी 1977 मध्ये मांडले. अर्थात ती नोंद बरोबर असेल, तर रेषेचा चढ ठरवण्यास तिच्याइतकी उपयोगी दुसरी नोंद नाही.

कंपनीच्या ताळेबंदातही असाच टेकू असतो. हळद प्रक्रियेच्या एका काल्पनिक कंपनीत 1 कोटी रुपये गुंतले आहेत. त्यांपैकी 25 लाख मालकांचे आणि 75 लाख 10 टक्के व्याजाचे. व्यवसायाने 15 टक्के मिळवले, तर साडेसात लाख व्याज देऊन तेवढेच उरतात आणि मालकांना 30 टक्के परतावा मिळतो. मिळकत 6 टक्क्यांवर आली, तर व्याज भागवताना दीड लाखाचा तोटा, म्हणजे उणे 6 टक्के. बरोबर 10 टक्क्यांवर मात्र कर्ज असो वा नसो, परतावा सारखाच. व्याजदर हा टेकू, आणि एकूण गुंतवणूक स्वतःच्या भांडवलाच्या चौपट असल्याने पहारीची लांबी चार. यंदाचा भाव काय निघेल हे कळण्यापूर्वीच ती ठरलेली आहे. यंत्रे, भाडे, पगार असा स्थिर खर्च जास्त असला, तरी विक्रीतील लहान बदल नफ्यात मोठा होतो. त्यालाही तरफच म्हणतात.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. संख्याशास्त्रात कोणत्याही नोंदीची तरफ 1 पेक्षा जास्त होऊ शकत नाही आणि सरळ रेषेसाठी सर्व नोंदींच्या तरफांची बेरीज 2 च भरते. कर्जाला गणिताने अशी मर्यादा घातलेली नाही. स्वतःच्या 1 रुपयामागे 19 रुपये कर्ज घेतले, तर मालमत्तेची किंमत 5 टक्क्यांनी उतरताच तो रुपया पूर्ण संपतो.