पाय-कॅल्क्युलस: नंबर पाठवायची आयडिया आली कुठून

संत्र्याच्या सीझनमध्ये कळमना मार्केटला जाऊन बघा, शेतकरी गाडीसाठी विचारतो, अडत्या म्हणतो "भाऊ, गाडीचं माझ्याकडे नाही, हा नंबर घ्या", आणि दोन मिनिटांपूर्वी ज्याचं नावही माहीत नव्हतं त्या ट्रान्सपोर्टवाल्याशी शेतकऱ्याचं डायरेक्ट बोलणं सुरू होतं. पाय-कॅल्क्युलस म्हणजे एकाच वेळी चालणारे आणि एकमेकांशी बोलणारे प्रोग्राम गणितात मांडायची पद्धत, आणि तिचा सगळा जीव ह्या "नंबर घ्या"मध्ये आहे, पण हे गणितात बसवायला बरीच वर्षं गेली.

ऑब्जेक्ट, म्हणजे स्वतःचा डेटा स्वतःकडे ठेवणारे प्रोग्रामचे तुकडे, तसे सिम्युला ह्या प्रोग्रामिंग भाषेपासूनचे, म्हणजे 1967. एकाच वेळी चालणारे आणि फक्त मेसेजवर बोलणारे घटक कार्ल हेविट आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ॲक्टर मॉडेलमध्ये मांडले. 1978 ला टोनी होअरचं सीएसपी आलं, तीही अशीच एक मांडणी, त्यात पाठवणाऱ्यानं समोरच्या प्रोसेसचं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचं, नाव प्रोग्राममध्येच लिहायचं आणि तो घ्यायला तयार होईपर्यंत थांबायचं. 1980 ला रॉबिन मिल्नरचं सीसीएस, हे अशा प्रोसेसचं गणित. दोन प्रोसेस बाहेरून सारख्या वागतात का हे त्यात सिद्ध करता यायचं, खूप मोठं काम होतं ते, पण कोण कोणाशी जोडलेला हे आधीच ठरलेलं, मध्येच नवीन ओळख व्हायची सोय नाही.

1986 ला डेन्मार्कच्या एन्गबर्ग आणि नील्सन यांनी सीसीएसमध्ये चॅनेलचं, म्हणजे ज्या लाइनवर बोलायचं तिचं, नावच पाठवून पाहिलं, त्यावरून मिल्नर, पॅरो आणि वॉकर यांनी पाय-कॅल्क्युलस बांधलं, रिपोर्ट 1989 चा, पेपर छापून आला 1992 ला. मला ह्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे चॅनेल वेगळा आणि डेटा वेगळा हा भेदच गेला, सगळी नुसती नावं. "एक्सवर वाय पाठव" म्हटलं की घेणारा पुढच्याच स्टेपला त्या वायवर बोलू शकतो, आणि तो वाय तुम्ही आत्ताच बनवलेला, दुसऱ्या कोणालाच माहीत नसलेला नंबर असला तरी चालतं.

ह्यातही पाठवणारा समोरचा घेईपर्यंत थांबतोच, पण ऑब्जेक्ट मेसेज टाकून थोडेच थांबतात? 1991 मध्ये जपानच्या कोहेई होंडा आणि मारियो तोकोरो यांनी नेमकं तेच पकडलं. त्यांच्या ऑब्जेक्ट कॅल्क्युलसमध्ये मेसेज सोडला की सोडला, त्याच्यामागे वाट बघणारं काहीच नाही. उत्तर हवं असेल तर एक नवीन खाजगी नाव बनवायचं, ते मेसेजसोबत द्यायचं आणि त्या नावावर कान लावून बसायचं, अगदी "गाडी निघाली की ह्या नंबरवर मिस कॉल द्या" तसं.